दोन तीळ, एकच पाय

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांनाही माणसं लटकली होती. समोरच्या पडद्यावर एका पायाचा भलामोठा फोटो : बोटांपाशी काळीनिळी, चिघळलेली जखम. ज्या शिंप्याचा तो पाय, त्याची बायको पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती.

साखरेच्या आजाराने पाय सडत चालला होता. "दोन बोटं काढावी लागतील, आणि लवकर," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. जन्मभर पायाने मशीन चालवणाऱ्या माणसाचा पाय! तिच्या तोंडचं पाणी पळालं. दवाखान्याची पायरी उतरली ती थेट फोटोबाबांच्या दारात आली.

"शरीर म्हणजे काय? छाया!" बाबा गरजले. "डॉक्टर छाया कापतो, मी मूळ धरतो. मूळ कुठंय? फोटोत! फोटो बरा झाला की शरीर झक मारत मागून येतं!"

त्यांनी पडद्यावरच्या जखमेवरून तळहात फिरवला. शेजारच्या खोलीतून बारीक टिक-टिक ऐकू आली.

"ऐका! ब्रह्मांडाची नाडी!"

हात जाईल तिथली जखम पुसत गेली आणि मागे धडधाकट कातडी उरली. शिंप्याची बायको ओक्साबोक्शी रडली. त्या खोलीत बाबांचा मेहुणा ध्यानाला बसतो, असं सगळ्यांना ठाऊक होतं. ध्यानाला एवढी जाडजूड वायर कशाला लागते, हे मात्र कुणी विचारलं नाही.

जखम पुसलेला तो फोटो छापून तिच्या हाती देत बाबांनी बजावलं, "औषध बंद. पट्टी सोडून बघायचं नाही. संशय घेतला की शरीर बिथरतं."

पुढे काही दिवस तिने पट्टीला हात लावला नाही. दुकानामागच्या खोलीत शिंपी तापाने फणफणत होता. तिने फोटो त्याच्यापुढे धरला.

"अहो, बघा तरी! असाच होणार आहे पाय."

कापड पारखावं तसा त्याने फोटो उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितला.

"अगं, माझ्या पायाला तीळ किती?"

"एक. घोट्याखाली. आणि शेजारी तो कात्री पडल्याचा व्रण."

"मग मोज की."

फोटोत तीळ दोन होते. एक घोट्याखाली, दुसरा जखमेच्या जागी. दोन्हींशेजारी तोच व्रण, तसाच वाकडा.

"दिला असेल देवाने दुसरा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

"आणि कात्री? तीही देवाने दुसऱ्यांदा पाडली?" धापा टाकत तो हसला. "ठिगळ आहे हे. सदऱ्याला भोक पडलं की मी आतल्या दुमडीचं कापड काढून वर लावतो. कापडावर फूल असलं तर फूलही सोबत येतं. त्या गाढवाने तेवढंही बघितलं नाही. असला कारागीर मी दुकानात उभा केला नसता."

"असं बोलू नका हो. दुसरं काय उरलंय माझ्याकडे?"

"तुला माझा पाय हवाय की फोटोतला? सोड पट्टी."

तिने पट्टी सोडली. वासाने खोली भरून गेली. काळेपणा बोटं ओलांडून पावलावर चढला होता. ती किंचाळत शेजारच्या टेंपोवाल्याकडे धावली.

जीव वाचला. अर्धं पाऊल गेलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. तिच्या मोबाइलमधला मूळ फोटो त्यांनी संगणकावर घेतला. घोट्याजवळची चांगली कातडी निवडली आणि जखमेवर एकेक ठिपका दाबत गेल्या. टिक-टिक.

"हीच ती नाडी!" ती दचकून म्हणाली.

"माउसचा आवाज आहे, बाई. इथली कातडी उचलायची, तिथे डकवायची. बाबा हात फिरवतो, आतला माणूस बघत-बघत तिथंच दाबतो. जखम बरी होत नाही, झाकली जाते. तीही फक्त फोटोत."

"तेव्हाच आणलं असतं तर..."

"दोन बोटं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

पुढच्या बैठकीला तिला बघून बाबा खुलले. "या ताई! सांगा सगळ्यांना, झाला ना बरा?"

"फोटो ठणठणीत आहे," ती म्हणाली. "नवरा अर्ध्या पावलाचा झाला."

तिने तो फोटो रांगेत दिला. "तीळ मोजा. व्रण बघा." फोटो हातोहात फिरला, कुजबुज वाढली. बाबा संशयावर बोलू लागले, तोवर तिने शेजारच्या खोलीचं दार सताड उघडलं. माउसवर हात ठेवलेला मेहुणा भूत बघितल्यासारखा बघत राहिला.

"ही बघा ब्रह्मांडाची नाडी! दाब रे, दाब. ऐकू दे सगळ्यांना!"

कुणी हसलं, कुणी बाबांच्या अंगावर धावून गेलं. तिला हसू आलं नाही.

"मी पण इथंच हात जोडून बसले होते," ती म्हणाली. "भ्यालेल्या माणसाला काहीही खरं वाटतं. पण पट्टी सोडू नका, बघू नका, विचारू नका, असं जो सांगतो, त्यालाच आधी विचारा. आणि दुखणं असेल त्या माणसाला डॉक्टरकडे न्या, त्याच्या फोटोला नको."

दाराशी एक तरुण बाई तान्ह्या लेकराचा फोटो छातीशी धरून उभी होती.

"लेकरू कुठंय?"

"घरी. डोळे उघडत नाही."

शिंप्याच्या बायकोने तिचं मनगट धरलं. "मग इथं काय करतेस? चल, टेंपो बाहेर उभा आहे."