नवऱ्याच्या वतीनं

गीता सिस्टरच्या हाताला तोड नव्हती. सुई कधी टोचली आणि कधी निघाली हे पेशंटला कळायचंही नाही, आणि नव्यानं आलेल्या मुली तिचा हात बघायला मुद्दाम थांबायच्या. सतरा वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेली बाई. तिला थोडी घमेंड असली तर ती कमावलेली होती. अशा या गीतानं अठ्ठ्याण्णव साली स्वतःच्या नवऱ्याला, धम्मानंदला, आठवड्यातून तीनदा मांडीत इंजेक्शन दिलं, चार महिने.

धम्मानंद नामपल्लीच्या एका सरकारी ऑफिसात क्लार्क होता. दहा वर्षांपूर्वी अपघातात त्याला रक्त चढवलं होतं, त्यातून सी जातीची कावीळ अंगात शिरली आणि गुपचूप यकृत खात बसली. तिच्यावरचं इंटरफेरॉन हे औषध नुकतंच परदेशातून हैदराबादेत यायला लागलं होतं. घरातल्या नव्या फ्रीजमध्ये आधी या कुप्या ठेवल्या गेल्या, मग दूध. सुई दिली की रात्री थंडी वाजून ताप यायचा. ते ठरलेलंच होतं. गीता ताप, वजन, भूक असं सगळं वहीत लिहायची.

वहीत न मावणारं मात्र तिनं लिहिलं नाही. हा माणूस असा, की हैदराबादी दख्खनी बोलीत एकेक किस्सा सांगून अख्खं ऑफिस हसवायचा. दोन महिन्यांत त्याचं बोलणंच आटलं. दाढी वाढली. ऑफिसात कॉम्प्युटर आले होते, शिकायला म्हणून सगळ्यांना अमीरपेठेतल्या क्लासला धाडलं. हा चार दिवस गेला आणि बसला घरी. केबलवर चाळीस वाहिन्या, आणि हा बंद टीव्हीकडे बघत बसायचा. एकदा जेवता जेवता त्याच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडलं. गीतानं ते पाहिलं, उठली आणि उगाच भांडी घासायला लागली.

तिला कळत नव्हतं असं कोण म्हणेल? वॉर्डातल्या कुणाचं असं झालं असतं तर तिनं डॉक्टरांना झोपेतून उठवलं असतं. पण धम्मानंदची तपासणी तिच्याच दवाखान्यात व्हायची, आणि मानसोपचाराची ओपीडी नर्सांच्या मेससमोर होती. तिथल्या बाकावर नवऱ्याला बसवायचं, आणि मुलींनी जेवता जेवता बघायचं! त्यापेक्षा नवरा आळशी असलेला परवडला.

म्हणून दर महिन्याला मोठे डॉक्टर विचारायचे, "क्या सिस्टर, कैसा है?" आणि गीता उत्तर द्यायची, "ठीक है सर. थोडा बुखार, बाकी कुछ नहीं." सिस्टरच सांगतेय म्हटल्यावर डॉक्टर कशाला पेशंटचं तोंड बघतील? धम्मानंद शेजारी बसून फरशी बघायचा.

पुढं तर तिनं कहर केला. विहारात दर रविवारी वंदना धम्मानंद म्हणायचा, ते त्यानं सोडलं. हिम्मतराव म्हणून एक शेजारी होते, त्यांनी सगळ्यांसमोर काळजीनं विचारलं. सासरे भिवाजी तिथंच बसले होते; ते थोरल्या मुलाकडे राहायचे. गीताला एकदम सगळ्यांच्या नजरा टोचल्या आणि ती म्हणाली, "काय धाड भरलीय त्यांना? रोज पन्नास आजारी बघते मी. खरा कोण अन् ढोंगी कोण, मला कळतं." धम्मानंद दाराशी चपला घालत होता. त्यानं ऐकलं, आणि दुसऱ्या चपलेत पाय घातला.

दोन महिने गेले. त्या वेळच्या तपासणीला मोठे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी श्रीलता नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी विचारलं, गीतानं तोंड उघडलं, आणि डॉक्टर हिंदीत म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही थांबा. यांना बोलू द्या."

मग धम्मानंद हळूच म्हणाला, "मॅडम, झोप नाही. रोज वाटतं, आता बास. उद्या उठूच नये." तो गीताकडे न बघता पुढं म्हणाला, "मी बोललो नाही, कारण ही इथं नोकरी करते. हिची मान खाली जाईल."

गीताची मान तेव्हाच खाली गेली.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि धम्मानंदलाच समजावून सांगितलं. "ताप आला की पडून राहावंसं वाटतं, जेवण नको, माणसं नकोत, हो ना? जंतूंशी लढणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, आणि तो मेंदूलाही पोचतो, की सगळं सोड, पडून राहा. आजार संपला की निरोप थांबतो. इंटरफेरॉन म्हणजे त्यातलाच एक निरोप, कुपीत भरलेला. तुम्हाला तो आठवड्यातून तीनदा मिळतोय. सगळ्यांचं असं होत नाही, काहींचं होतं. तुम्ही कमजोर नाही आणि आळशी तर मुळीच नाही." मग गीताकडे वळून त्या म्हणाल्या, "कुपीसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं, सिस्टर."

गीतानं तो कागद वाचला होता. डोस आणि फ्रीजचं तापमान, एवढंच.

इंजेक्शन तूर्त बंद झालं. मनाच्या गोळ्या सुरू करायच्या, यांना एकटं सोडायचं नाही आणि यकृताचं महिन्यानं बघायचं असं ठरलं. गीता नवऱ्याला घेऊन मेससमोरच्या त्या बाकावर पांढऱ्या साडीत बसली. मुली येता-जाता बघत होत्या. तिला वाटलं होतं, लाजेनं मेल्यासारखं होईल. पण ती लाज शेजारी बसलेल्या माणसाच्या लाजेपुढं काहीच नव्हती.

रविवारी ती त्याला विहारात घेऊन गेली. तो बाहेर, दारातून दिसेल अशा पायरीवरच बसला. वंदना झाल्यावर गीता उभी राहिली. "मी यांना ढोंगी म्हणाले होते. ते खोटं होतं. ते आजारी होते, मला दिसत होतं, आणि मी लाजेपायी डॉक्टरांपासून लपवलं." बायका म्हणाल्या, जाऊ द्या सिस्टर, तुम्ही किती केलंय त्यांच्यासाठी. ते कौतुक ऐकून तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सगळे उठल्यावर भिवाजींनी तिला जवळ बोलावलं.

"माय, तू दवाखान्यातली. तू ढोंग म्हनलीस, म्या ढोंग मानलं. दोन महिने बोललो न्हाई त्याच्याशी." म्हाताऱ्यानं दाराबाहेरच्या पायरीकडे बघितलं. "मागल्या बुधवारी आला व्हता घरी. दारात उभा राहून म्हनला, बाबा, जरा बसू का? म्या म्हनलो, आफिसात जा. गेला गुमान. कुठं गेला व्हता गं मंग?"

त्या दिवशी तो अंधार पडता पडता घरी आला होता, एवढं गीताला आठवत होतं. उशीर केला म्हणून ती ओरडली होती. कुठं होता हे तिनं विचारलंच नव्हतं.

ती बाहेर आली आणि पायरीवर त्याच्या शेजारी बसली.

"अहो, मागच्या बुधवारी बाबांकडून निघून कुठं गेला होता?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. आता हीच उत्तर देईल की काय, अशी वाट पाहिल्यासारखा थोडा थांबला.

"मुसी नदीच्या पुलावर," तो म्हणाला. "अफझलगंजच्या. लई वेळ उभा होतो. मग आठवलं, आज सुईचा दिवस. तू इंजेक्शन भरून बसली असशील. म्हणून आलो."