कोरं उत्तर

रिनाने ती मेल तिसऱ्यांदा उघडली. पाठवणारा राजदीप. वर तिनेच लिहिलेला विषय आणि खाली काहीच नाही, एक अक्षरसुद्धा नाही. राजदीपला जाऊन आठ महिने झाले होते.

तिने पडदा बंद केला आणि वर्गातल्या मुलींना म्हणाली, "आज इथंच थांबू."

सिंदेवाहीच्या त्या संगणक वर्गात ती रोज घसा कोरडा करून सांगायची, काम झालं की लॉगआउट करा, घराले कुलूप लावता ना, तसं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! भावाचं खातं बंद करायचं तिच्याच्याने झालं नव्हतं. उलट दर रविवारी ती त्याच पत्त्यावर पत्र लिहीत होती. वाचायला कोणी नाही, हेच त्यातलं बरं होतं. आईला सांगायची हिंमत झाली नाही ते तिने तिथे लिहून टाकलं होतं. त्या पहाटे तुझा फोन आला होता, दादा. तीनदा. आदल्या दिवशीचं भांडण माझ्या डोक्यात होतं. मी तुझं नाव पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

तापाने फणफणलेला राजदीप त्याच सकाळी दवाखान्यात वारला. आई, रुखमाबाई, अजून रोज जेवताना विचारायची, "जाताना माह्या लेकराले कोणाची आठवण झाली असंल वो?" रिना ताटातला भात चिवडत राहायची.

मुली गेल्यावर तिने राजदीपनेच सांगून ठेवलेला पासवर्ड टाकून त्याचं खातं उघडलं. तिची सगळी पत्रं कोणीतरी वाचलेली होती. सुरक्षेच्या पानावर, तिच्या संगणकाशिवाय आणखी एक यंत्र दिसत होतं. जुनापुराणा ब्राउझर, शेवटचा वापर कालचा, रविवारचा. शेजारीच बाहेर काढायचं बटण. एक टिचकी मारली की आत बसलेला बाहेर. तिचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. आत दादाच असला तर? वेडा विचार होता, तिलाही कळत होतं. तरी तिने बटण दाबलं नाही.

मग तिला त्याचं ते पुस्तकं वाचायचं यंत्र आठवलं. "याच्यावर मेलपण उघडते, पण बैलगाडीच्या चालीनं," तो हसून म्हणाला होता. नोकरीच्या गावाहून, सिरोंच्याहून त्याचं सामान आलं त्यात ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती निघाली. मूल, आष्टी, आलापल्ली. पुढे नुसतं सागाचं रान आणि हाडं खिळखिळी करणारा रस्ता. सिरोंच्याला पोचेपर्यंत दुपार टळली होती. राजदीप तिथल्या शाळेत शिकवायचा आणि बाबूभाई टेलरांच्या मागच्या खोलीत राहायचा. दुकानात शिलाई मशीनजवळ ते यंत्र चार्जिंगला लावलेलं तिला दारातूनच दिसलं.

"मी रिना. राजदीपची बहीण."

बाबूभाईंचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला.

"बस बेटा. जाहिदा, पानी आण वो!" त्यांनी आत बायकोला हाक मारली. मग यंत्राकडे बघत म्हणाले, "सरांची किताब घ्याले आली? सामान नेलं तेव्हा राहून गेली. चार्ज नाई केली तं मरते, सर सांगून होते. म्हून लावून ठेवतो."

"तुम्ही वाचता?"

"इतवारी. मराठीतली एकच किताब हाय त्याच्यात. बहीण भावाले चिठ्ठ्या लिहिते. दर इतवारी नवी चिठ्ठी येते."

रिनाने यंत्र हातात घेतलं. पडदा काळा झाला, मग करडा, आणि तिचं रविवारचं पत्र उमटलं. असल्या पडद्यावर आधीचं पान पुरतं पुसलं जात नाही. नव्या ओळींच्या मागे जुन्या ओळी फिकट दिसत होत्या. तीनदा. पालथा. तिचे कान तापले. वर कोपऱ्यात लॉगआउट होतं. तिने बोट तिथे नेलं.

"त्या किताबीतल्या पोरीचं एक चुकते," बाबूभाई म्हणाले. ते सुईत दोरा ओवत होते.

"काय?"

"तिले वाटते, भाऊ नाराज होऊन गेला." दोरा हुकला. त्यांनी टोक ओठांत ओलं केलं. "मी होतो ना सोबत. ऑटोत सरांचं डोकं माह्या मांडीवर होतं. फोन लावून राह्यले होते. रिंग गेली, कोणी उचलला नाई. तं म्हणे, झोपून असंल, झोपू द्या तिले."

रिनाचं बोट कोपऱ्यावरच राहिलं.

"हेच लिहाचं होतं तुले. पण त्याच्यावर मराठी अक्षरंच येत नाईत, आन् इंग्रजी मले येत नाई. इथी दाब, तिथी दाब करता करता कोरंच गेलं."

जाहिदाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि त्या मुकाट आत गेल्या. रिना बाबूभाईंकडे बघत राहिली. या माणसाला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. तिला लाज वाटू नये म्हणून किताबीचं सोंग त्यांनी किती सहज वठवलं होतं. मग ऑटोतलं? तेही तसंच असेल का? खरंच म्हणाला दादा असं? शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. बाबूभाईंनी मान वर केली नाही. दोरा ओवला गेला होता, तरी ते सुईकडेच बघत होते.

तिने कोपऱ्यावरचं बोट उचललं. यंत्राला चार आकड्यांचं कुलूप घातलं, आकडे त्यांच्या खडूने कापडाच्या चिंधीवर लिहून दिले आणि चार्जरची पिन परत लावली.

"हे आकडे कोणाले सांगू नका," ती म्हणाली. "यंत्र इथंच राहू द्या."

बसथांब्यावर येऊन तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला आईने उचलला.

"आई," ती म्हणाली, "त्या पहाटे दादानं मले फोन केला होता."