लटारूनं देलेला वार

लटारू बोडीच्या पारीवर, तळ्याच्या बांधावर, जाळं झटकून राह्यला होता, तवाच फोन वाजला. त्या पारीवर रेंज म्हणजे, आली तं आली, नाई तं गेली. एका हातात जाळं, एक पाय चिखलात, फोन खांद्यात दाबलेला. तिकून आचल मॅडम बोलून राह्यल्या होत्या.

ह्या मॅडम सांगलीकडच्या डॉक्टरीन. ब्रह्मपुरीले खोली करून राहत. काही बायांची लेकरं पोटात काऊन वाढत नाई, काहींची मधातच काऊन जातात, याचा त्या अभ्यास करत. लटारूची सून रुपाली पोटुशी झाली तशी त्यायच्याच तपासणीत होती.

"लटारूभाऊ, रुपालीचं बाळंतपण झालं की वार आम्हाला द्याल का?"

"देतो ना मॅडम! सुक्करवार घ्या. त्या दिवशी मी घरीच रायतो."

पण सुक्करवार तोंडातून निघेपर्यंत रेंज गेली होती. मॅडमच्या कानात पडलं ते एवढंच, देतो ना मॅडम.

घरी येऊन लटारूनं मोठ्या ऐटीत बायकोले सांगतलं, "डॉक्टरीन येनार हाये लेकरू पाहाले. वार मांगत होती. देऊन टाकला."

"बरं केलं," रुखमाबाई म्हणे. "कोंबडा ठेवून देऊ तिच्यासाठी."

घरात हसणं असं बम दिवसांनी परत आलं होतं. रुपालीचं पह्यलं लेकरू पोटातच गेलं होतं. आठवा लागला, अन् एका सकाळी हालचालच बंद. दवाखान्यात कोनी कारन सांगतलं नाई. त्या लेकराची जार बी, लेकरामांगून पडते ते, तिथीच राह्यली, घरी आनाची सुदच कोनाले नोती. रुखमाबाईच्या मनात तो काटा रुतून बसला होता. लेकराची जार आंगनात पुरली तं त्याचं मन घरात लागते, असं तिच्या मायनं तिले सांगतलेलं. तिची बी पुरली होती, तिच्या पोराची, मिथुनची बी. म्हनून यावेळेस तिनं कुंभाराकडून नवं गाडगं आनून ठेवलं होतं.

बुधवारी दुपारी तालुक्याच्या दवाखान्यात रुपाली सुटली. पोरगी झाली. अंगानं भरलेली, अन् आवाज असा का वरांड्यातले कुत्रे उठून बसले. मिथुन पेढे आनाले धावला. लटारू डोळे पुसून राह्यला होता, तेवढ्यात आचल मॅडम आल्या. हातात पांढरा थर्माकोलचा डब्बा.

"अभिनंदन हो लटारूभाऊ! मी वार घ्यायला आलेय."

लटारू गोंधळला. "मॅडम, आज तं बुधवार हाये. तुमाले सुक्करवार देला होता न मी?"

मॅडम त्याच्या तोंडाकडे पाहत राह्यल्या. नर्सबाई इथल्याच, त्यायले हसू आवरेना. "अवो भाऊ, तो वार नाई. मॅडम जार मांगून राह्यल्या, जार!"

हसू तिथीच अटकलं. रुखमाबाईनं घरून आनलेलं गाडगं छातीशी धरलं.

"काहो बुढ्या! म्हशीची जार बी आपन कोनाले देत नाई, अन् तुमी नातीची देऊन आले?"

"म्या सुक्करवार देला व! मले का मालूम, सांगलीकडं जारले वार म्हनतात!"

"दिवसभर फोन कानाले, अन् आयकाचं काईच नाई!"

आचल मॅडमनं डब्बा खाली ठेवला. "चूक माझी आहे, रुखमाबाई. ही फोनवर विचारायची गोष्ट नव्हती. नको असेल तर मी अशीच परत जाते. तपासणी, औषधं, काही थांबणार नाही."

लटारूले वाटलं, हे तं आनखी कठीन झालं. मॅडम भांडत्या तं त्याले बी भांडता आलं असतं. अन् रुखमाबाईकडे पाहाची त्याची हिंमत होत नोती. मांगच्या खेपेले रिकाम्या हातानं घरी आली होती ती.

तवा खाटेवरून आवाज आला. "आत्याबाई, जार कोनाच्या पोटातली हाये?"

सगळे वळले. रुपालीचं तोंड उतरलेलं, पन नजर टक्क.

"मामाजीनं देली, तुमी नाई म्हनता, मॅडम वापस जाऊन राह्यल्या. मले कोनी पुसलं का?"

मॅडम खाटेजवळ जाऊन बसल्या. "तुलाच आधी विचारायला हवं होतं, रुपाली. आता विचारते."

"यातून माह्या पह्यल्या लेकराचं कारन भेटन का?"

"नाही. त्याचं आता नाही सांगता येणार. पण बाळ नऊ महिने खातं-पितं ते ह्या वारेतून. चांगल्या वाढलेल्या बाळाची वार आतून कशी असते, हे नीट कळलं, तर बिघडत चाललेली आधीच ओळखता येईल. त्याला वर्षं लागतील. बऱ्याच जणींच्या बघाव्या लागतील."

"किती लागते?"

"चिमटीत मावतील एवढे तुकडे."

रुपालीनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "मंग तेवढे घ्या. बाकीची आत्याबाईच्या गाडग्यात. एटापल्लीकडं असन कोनी माह्यासारखी. तिचं बिघडलं तं आठव्याच्या आधीच कळन तरी."

लटारूले वाटलं, आता रुखमाबाई फोडते गाडगं. पन तिनं पदर खोचला अन् मॅडमच्या मांगं आत गेली.

आतून तिचाच आवाज येत होता. "काठानं घ्या, मधातून नोको."

"मधला एक लागेल हो, आजी."

"बरं. पन लहानसाच."

थोड्या वेळानं दोघी भाईर आल्या, एकीच्या हातात डब्बा, एकीच्या हातात गाडगं. फाटकापाशी जीप उभी होती. ड्रायव्हरनं डब्बा घेतला अन् मांगच्या सामानात टाकाले गेला.

"ए बाप्पा!" रुखमाबाई कडाडली. "मच्छीची पेटी वाटली का तुले? मॅडम, मांडीवर घ्या ते. रस्ता खड्ड्याचा हाये."

मॅडम पुढच्या सीटवर बसल्या, डब्बा मांडीवर घेतला, वरून ओढणी झाकली. जीप सुरू झाली तशी रुखमाबाई ड्रायव्हरच्या खिडकीजवळ गेली अन् आवाज उतरवून म्हणे, "हळू नेजो रे. लेकुरवाळी बसली हाये, असं समजजो."