व्याह्यांच्या पुढची खुर्ची

पुढची खुर्ची एकदम मागे आली आणि बन्सीधरांच्या गुडघ्यांना भिडली. त्यांनी पाय आखडून घेतले, मग तिरके केले, तिरके केल्यावर ते शेजारी बसलेल्या बायकोच्या, सुमनबाईंच्या पायांना लागू लागले म्हणून पुन्हा सरळ केले. पुढे बसलेल्या पोरानं कानात बोंडं घातली होती. मागं माणूस बसलाय, त्याला गुडघे आहेत, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. नांदेडहून उठलेलं विमान जेमतेम सरळ झालं होतं आणि हा पठ्ठ्या आडवा झालासुद्धा.

"त्याला सांगा की जरा," सुमनबाई हळूच म्हणाल्या.

"राहू दे. त्याची खुर्ची हाय."

"मग तुमीबी घ्या की मागं. तुमची काय उसनी आणलीय?"

बन्सीधरांनी नुसती डोळ्यांनी मागे खूण केली. सुमनबाई समजल्या. मागच्या खुर्चीत अनंतराव होते, जिंतूरचे त्यांचे व्याही, लेकीचे, ईश्वरीचे सासरे. त्यांच्या शेजारी विहीणबाई, हेमाताई. आडवं होणाऱ्या त्या पोराच्या मागं त्याचा व्याही बसलेला नव्हता, म्हणून त्याला ती चैन परवडत होती.

बन्सीधरांच्या राणीसावरगावात काही गोष्टी कुणी शिकवत नाही, त्या अंगातच येतात. लेकीच्या बापानं व्याह्यासमोर टेकून बसायचं नाही, ही त्यातलीच एक. सोयरिकीच्या बैठकीला जिंतूरच्या घरी पांढऱ्याशुभ्र गाद्या घातल्या होत्या, भिंतीला लोड लावले होते. अनंतराव लोडाला रेलून पान जमवत होते. बन्सीधरांसाठीही लोड होता, अनंतराव दोनदा "टेका की" म्हणालेही होते. पण म्हणणाऱ्यानं म्हणायचं असतं आणि ऐकणाऱ्यानं ऐकायचं नसतं. अख्खी दुपार बन्सीधर मांडी घालून गादीच्या मधोमध ताठ बसले होते, आणि परतताना जीपमध्ये त्यांचे थोरले बंधू त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, की बसलास बाबा रीतीनं. त्या शाबासकीचं बन्सीधरांना पुढं कितीतरी दिवस समाधान वाटत राहिलं होतं.

तेव्हा पाठ धड होती. आता मणक्यात गॅप पडला होता. गंगाखेडच्या डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला होता आणि ताठ बसणं टाळा, मागं आधार घ्या, असं बजावलं होतं. पट्टा त्यांनी सदऱ्याच्या आतून बांधला होता, व्याह्यांना दिसू नये म्हणून. लेकीचा बाप दुखणेकरी असलेलाही बरा दिसत नाही.

खरं तर घोळ विमानात चढतानाच झाला होता. आपली खुर्ची पुढं आणि व्याह्यांची मागं, म्हणजे सगळा वेळ आपण त्यांच्याकडे पाठ करून बसणार, हे लक्षात येताच बन्सीधर वाटेतच थांबले आणि अनंतरावांना म्हणू लागले, की तुमी पुढं बसा, आमी मागं बसतो. मागं माणसांची रांग तुंबली. कुणाची बॅग कुणाच्या डोक्याला लागली. शेवटी विमानातली मुलगी आली आणि तिनं हिंदीतून गोड आवाजात, पण हाताला धरल्यासारखं, ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या जागी बसवलं. अनंतरावांची रांग बाहेर पडायच्या दाराला लागून होती. संकट आलं तर दार कसं उघडायचं, हे तिनं त्यांना समजावून दिलं. तहसिलीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या अनंतरावांनी दर वाक्याला मान हलवली आणि ती गेल्यावर हेमाताईंना चार रांगांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, की सगळ्यांची जबाबदारी आपल्यावर टाकलीय.

जबाबदारी बन्सीधरांवरही टाकलेली होती, पण ती मोठ्यानं सांगण्यासारखी नव्हती. ईश्वरी नवऱ्याचं घर सोडून बेंगळुरूतच एका मैत्रिणीकडे राहायला गेली होती. का गेली, ते नीट कुणी सांगत नव्हतं. जावई सारंग फोनवर म्हणायचा, किरकोळ कुरबूर आहे, ती लय मनाला लावून घेते. अनंतराव म्हणायचे, दोघंही नोकरीवाले, दोघांचीही डोकी गरम. मग चौघांनी मिळून जायचं ठरलं. सारंगनंच तिकिटं काढून धाडली. तिथं बैठक बसवायची, सारंगला त्याच्या बापानं चार शब्द सुनावायचे, ईश्वरीला तिच्या बापानं समजावून सांगायचं आणि संध्याकाळच्या आत तिला तिच्या घरी नेऊन सोडायचं. लेकीच्या बापानं नमतं घेतलं की संसार तुटत नाही, असं थोरल्या बंधूंनीही निघताना बजावलं होतं. बन्सीधरांनी सगळ्याला हो म्हटलं होतं.

आदल्या दिवशी त्यांनी ईश्वरीला फोन करून आम्ही येतोय म्हणून कळवलं. तिनं एकच विचारलं होतं:

"आबा, तुमी मला समजावायला यायलाव का विचारायला?"

रेंज नाही, ऐकू येईना, असं काहीतरी पुटपुटून बन्सीधरांनी फोन ठेवला. रेंज चांगली होती.

आता कमरेतून कळ निघाली आणि डाव्या पायात उतरली. त्यांनी मुठीवर भार देऊन स्वतःला जरा उचललं, पुन्हा टेकवलं. समोर त्या पोराच्या खुर्चीची पाठ इतकी जवळ होती, की तिच्यावर लिहिलेलंही वाचता येईना. पाणी घ्यायला पुढची फळी उघडावी तर ती पोटाला लागली. मागून अनंतरावांचा आवाज येत होता. ते हेमाताईंना सांगत होते, की बैठकीत बायकांनी मधे बोलायचं नाही, रडारड करायची नाही, तासाभरात विषय मिटवायचा. हेमाताईंचा हूं की चूं ऐकू येत नव्हता.

बन्सीधर अस्वस्थ होते ते नुसत्या कमरेनं नाही. तासाभरात मिटणारा तो विषय त्यांची पोर होती. मी समजावणार म्हणजे काय समजावणार? काय झालं ते ठाऊक नसताना, तू चुकलीस एवढंच ना? लहानपणी शाळेतून ही पोर कधी रडत आली नव्हती. एकदा बाभळीचा काटा आरपार तळव्यात गेलेला असताना चालत घरी आली आणि आईला म्हणाली, आधी भाकर दे. अशी पोर घर सोडून जाते, आणि तिचा बाप विमानात कुणाच्या पुढं कसं बसावं याच्या विवंचनेत असतो. बन्सीधरांना स्वतःची मनापासून चीड आली.

"लय दुखायलंय का?" सुमनबाईंनी विचारलं.

पुढच्या पोरानं हाताच्या दांडीवरचं बटण दाबलेलं बन्सीधरांनी पाहिलं होतं. आपल्या दांडीवर त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं. बटण होतं. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला, पण दाबला नाही. मग मान जमेल तेवढी मागं वळवून ते म्हणाले,

"पाव्हणं, मी जरा टेकायलो."

टेकू का, असं ते म्हणाले नाहीत. ते त्यांच्याही लक्षात आलं आणि अनंतरावांच्याही आलं असावं, कारण मागचं बोलणं थांबलं. सुमनबाई समोर बघत राहिल्या.

"आं?" अनंतराव म्हणाले. मग म्हणाले, "टेका की."

बन्सीधरांनी बटण दाबलं आणि पाठीचा जोर दिला. खुर्ची हलली नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, पाय रोवून रेटा दिला. कमरेत अशी चमक निघाली की डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण खुर्ची जागची तसूभर ढळली नाही. त्यांची धडपड बघून ती मुलगी आली. ओणवी होऊन तिनं सांगितलं, की काकाजी, या रांगेच्या खुर्च्या मागं जात नाहीत. मागं बाहेर पडायचं दार आहे, तिथली वाट मोकळी राहावी लागते. सॉरी म्हणून ती निघून गेली.

म्हणजे एवढा वेळ जी रीत पाळली, ती मोडायची सोयच त्या खुर्चीत नव्हती. आणि अनंतरावांच्या पायांपुढं तर, आता वळून बघितल्यावर दिसलं, सोयाबीनचं पोतं ठेवता येईल एवढी जागा होती. बन्सीधरांचे कान तापले.

अनंतराव मात्र मोकळेपणानं हसले. त्या हसण्यात बरंचसं सुटल्यासारखं होतं.

"जात न्हाई म्हणा की. राहू द्या आता. थोड्या वेळाचा तर प्रश्न हाय."

कुणाचाच मान गेला नव्हता. बन्सीधर टेकलेही नव्हते आणि टेकले नाहीत असंही नव्हतं. हसून पुढं वळलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती, पुढं कधीतरी लग्नकार्यात चेष्टेनं सांगायला उपयोगी पडली असती. बन्सीधर वळणार होतेही. पण "राहू द्या" हे त्यांनी या महिन्यात इतक्यांदा ऐकलं होतं आणि तितक्यांदाच खरोखर राहू दिलं होतं. त्यांनी खुर्चीचा पट्टा सोडला, कमरेवर हात दाबून पुरं अंग मागं वळवलं. दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीतून व्याह्यांची अर्धी मिशी आणि चष्म्याची एक काच दिसत होती.

"पाव्हणं, तिथं गेल्यावर लगेच बैठक नको. आधी मी ईश्वरीला एकटीला भेटतो. काय झालं ते तिलाच विचारतो."

"विचारा की. मग समजावून सांगा."

"समजावत न्हाई. ती म्हणंल तसं."

मिशी हलली. "आपलं ठरलं होतं ना बन्सीधरराव?"

"ठरलं होतं. मी मोडायलो."

असं बोलणं बन्सीधरांनी उभ्या जन्मात कुणा व्याह्याशी केलं नव्हतं. सुमनबाईंनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं, ओढलं मात्र नाही.

"अन् ती परत येत न्हाई म्हणाली, तर?" अनंतरावांनी विचारलं.

"तर गावाकडं घिऊन जातो. तिकीट माझं मी काढतो."

आता अनंतराव भडकणार, चार माणसांत शोभा होणार, असं बन्सीधरांना वाटलं. त्यांनी तेही ऐकून घ्यायची मनाची तयारी केली. हेमाताई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. अनंतरावांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला आणि पुन्हा घातला नाही.

"तिनं तुमाला काय सांगितलंय?" ते म्हणाले. मघाचा चार रांगांना पोचणारा आवाज आता फटीपलीकडेसुद्धा जेमतेम येत होता.

"काहीच न्हाई. मी कवा विचारलंच न्हाई."

अनंतरावांनी एकदा हेमाताईंकडे पाहिलं. मग ते पुढं सरकले, इतके की त्यांचं कपाळ बन्सीधरांच्या खुर्चीला लागलं.

"मागल्या महिन्यात मी एकटाच गेलो होतो तिकडं. तुमाला बोललो न्हाई. भेटलो तिला. ती सांगायली होती, अन् मी मधातनंच उठून आलो. माझ्यानं ऐकवलं न्हाई, बन्सीधरराव. पोटचा पोरगा हाय."

बन्सीधर तसेच वळून बसून राहिले. कमरेतली कळ कुठंतरी होती, पण तिची दखल घ्यायला त्यांना फुरसत नव्हती.

"तुमी सगळं विचारा," अनंतराव म्हणाले. "उठू नका मधातनं."

एवढं बोलून ते मागं झाले. हेमाताईंनी खिडकीवरून तोंड वळवलं नाही, पण त्यांचे खांदे हलत होते आणि रडू नका असं त्यांना आता कुणी म्हणत नव्हतं.

बन्सीधर पुढं वळले. सुमनबाईंना काही सांगायची गरज नव्हती, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ती मुलगी पाण्याच्या बाटल्या घेऊन जवळून चालली होती. बन्सीधरांनी तिला हात करून थांबवलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, की बेंगळुरू यायला अजून किती वेळ आहे. अर्धा तास, ती म्हणाली. तिनं बाटली पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही.

ती दोन पावलं गेली असेल नसेल, तेवढ्यात त्यांनी तिला पुन्हा हाक मारली आणि पुन्हा तेच विचारलं.