बगळ्याच्या चोचीखाली

शिवणाच्या बाईंच्या टेबलावर डॉक्युमेंट कॅमेरा आला आणि मुलींनी पहिल्याच तासाला त्याचं नाव बगळा पाडलं. एका पायावर उभा, मान वाकवलेली, नजर खाली. चोचीखाली ठेवाल ते बाईंच्या मागच्या पडद्यावर दाराएवढं दिसे.

पूर्वी धावदोरा शिकवायचा म्हणजे सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा व्हायचा आणि मागच्यांना पुढच्यांच्या वेण्यांखेरीज काही दिसायचं नाही. आता शेवटच्या बाकावरूनही सुईचं नेढं दिसू लागलं.

"बाई, तुमचा अंगठा बटाट्याएवढा दिसतोय," मॉनिटर म्हणाली.

"तुझी जीभ ठेवून बघू का खाली?" बाई हळूच म्हणाल्या.

उद्या रुमालांचं प्रदर्शन होतं. एका मुलीला सगळे गुंतावळ म्हणत, कारण तिच्या हातात दोरा गेला की गुंतलाच. आधी ती सुईला हातच लावत नसे. बाईंनी गोडीगुलाबीने तिला बसवलं, तेव्हा कुठे नारिंगी दोऱ्याने तिच्या रुमालाची कड पुरी झाली. आता ती आजीला प्रदर्शनाला बोलावून बसली होती. कड मात्र डोंगरवाटेसारखी वर-खाली.

बाईंची एक जुनी सवय होती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, डबा बाजूला सारून त्या असे रुमाल गुपचूप उसवून नीट करत. पोरींचा हुरूप टिकावा, एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आजही त्या बसल्या. डोळ्यांना उजेड कमी पडला म्हणून बगळ्याचा दिवा लावला आणि मान खाली घालून टाके काढू लागल्या. दिव्याबरोबर पडदाही उजळतो, हे ध्यानातच आलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी वर पाहिलं. सुट्टी संपून वर्ग भरला होता आणि चिडीचूप बसला होता.

"आज इतक्या शहाण्या कशा झालात गं?"

"बाई, मागे बघा," मॉनिटर पुटपुटली.

पडद्यावर त्यांचीच बोटं, कात्री आणि अर्धी उसवलेली नारिंगी कड.

गुंतावळ उभी राहिली. बाईंनी कात्री खाली ठेवली. ही पोर आता पुन्हा सुई धरायची नाही.

"माझाच ना तो?"

"हो गं, तुझाच."

"वाईट झाला होता?"

"वाकडा झाला होता. वाईट नव्हता."

गुंतावळ पडद्याकडे बघत राहिली. अर्धी कड अजून तिचीच होती. "जरा डावीकडे सरकवा ना. हां, इथे मी दोरा फार ओढला. म्हणून कापड चुरमडलं. एवढं मोठं झाल्यावर कळलं."

"मग काय करू या?"

"नवे टाके तुम्ही नका घालू. मी घालते, इथेच बसून. कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या."

कुणी हसलं नाही. मॉनिटरचाच चेहरा उतरला. "बाई, माझा मागच्या वर्षीचा बक्षिसाचा रुमाल..."

"ते आता कशाला उकरतेस?" बाई म्हणाल्या, आणि तेव्हा मात्र सगळा वर्ग खदखदून हसला.

गुंतावळ बगळ्याखाली बसली. ती दोरा ओढू लागली की मागच्या बाकांवरून आवाज येई, "सैल सोड, सैल!" बाईंनी मनातल्या मनात हात जोडले आणि पोरीच्या रुमालाला बोटही लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी आजीने चष्मा पुसून कड न्याहाळली. "इथे जरा चढ लागलाय गं."

"लागलाय ना. पण मीच चढले," गुंतावळ म्हणाली.

पुढच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, बाईंनी कितीतरी वर्षांनी डबा सावकाश, पोटभर खाल्ला. बसण्याआधी बगळ्याचा दिवा मात्र आठवणीने बंद केला.