शेवटच्या वॉल्ट्झची पेपरमिंट

मिलवॉकीच्या त्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी नाच असे. जोडीदार बदलत राहायचे आणि शेवटचा वॉल्ट्झ मात्र आपल्याच माणसाबरोबर नाचायचा, हा तिथला रिवाज. व्हर्नाची त्याला ना नव्हती. तिला सलायची ती पेपरमिंट. नव्याने येऊ लागलेल्या रोझलिंडला नाचायला बोलवायला निघाला, की व्हर्नाचा नवरा लोवेल बरोबर आणलेला दुसरा शर्ट चढवायचा, तोंडात पेपरमिंट टाकायचा आणि विशीतल्या पोरासारखा गिरक्या घ्यायचा. मेला घरी जिना चढताना गुडघे धरतो!

आज शेवटच्या वॉल्ट्झला तो घामाने निथळत तिच्यापुढे आला. तोंडाला कॉफीचा वास.

"चल गं, उरकून टाकू."

"पेपरमिंट नाही खाल्लीस?"

"तुझ्यासाठी कशाला? तू काय परकी आहेस?"

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याच्या खिशातली डबी काढली, उरलेली एकुलती एक गोळी स्वतःच्या तोंडात टाकली, रिकामी डबी त्याच्या हातात ठेवली आणि तरातरा जाऊन विधुर अँटनचा हात धरला. पहिल्याच गिरकीत तिचा झगा छत्रीसारखा फुलला.

"व्हर्ना, अगं, हा आपला वॉल्ट्झ!" लोवेल कळवळला.

अँटनच्या खांद्यावरून ती ओरडली, "पुढच्या रविवारी आपल्या वॉल्ट्झसाठी तिसरा शर्ट आण!"