क्लियोथाच्या इम्पालातलं घरगाडीचं इंजिन

या, जरा पुढे सरका. मागे टेकून बसणाऱ्याला गोष्ट अर्धीच ऐकू येते. एक बाई चर्चच्या बाहेर बसायला म्हणून गेली आणि आत कशी पोचली, ते सांगतो.

पाळक बरेल यांचं ते शेवटचं प्रवचन होतं. आमच्या मिसिसिपीत प्रवचन आधी बोललं जातं आणि मग चढत चढत गायलं जातं. बरेल पाळकांचा सूर लागला, की पोत्याखालून मान काढल्यासारखं हलकं वाटायचं. लुव्हेनिया टॉलिव्हर मात्र नवऱ्याला पुरल्यापासून आत आली नव्हती. हा क्लियोथा चर्चच्या चार गायकांच्या चौकडीत खर्जात गायचा. त्याची रिकामी खुर्ची तिला बघवत नसे.

होझिया पेटवे हा आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे पाळकांच्या हाताखालचा सेवक, पेशाने मेकॅनिक. तो तिला बोलवायला गेला. ती म्हणाली, येईन, पण क्लियोथाच्या इम्पाला गाडीतून. आणि बाहेर गाडीतच बसून ऐकेन. इम्पाला सासष्ट सालची, इंजिन जाम होऊन कोठारात धूळ खात पडलेली. तिने नाही म्हणायची ही सभ्य रीत काढली होती. होझियाने तो शब्दच धरला.

कोठारामागे चौकडीची मोटरहोम, म्हणजे घरगाडी, उभी होती. एके काळी गावोगावच्या चर्चांत गायला जाताना तिच्यातच रांधायचं, तिच्यातच निजायचं. आता छत गळून आतलं लाकूड कुजलं होतं. पण इंजिन घरभर ओझं ओढायला घडवलेलं, आणि फारसं झिजलेलं नव्हतं. होझियाने ते गिअरबॉक्ससकट उतरवलं. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा इम्पालाच्या मापाने कापून पुन्हा जोडला. गिअरबॉक्सच्या शेपटाला ब्रेकचा एक गोल डबा होता, तो गाडीच्या तळाला घासायला लागला. नाही तरी पार झिजलेलाच होता, म्हणून त्याने काढून टाकला. इम्पालाच्या स्वतःच्या पार्किंग ब्रेकची तार गंजून तुटली होती, तीही तशीच राहिली. आमचा मुलूख पोळपाटासारखा सपाट. इथे माणूस गिअरची दांडी 'पी'वर, म्हणजे 'पार्क'वर टाकतो, चाकं अडकतात, आणि उतरतो. पार्किंग ब्रेक कशाशी खातात ते कुणाला ठाऊक नाही.

इंजिन सुरू झालं तेव्हा लुव्हेनिया पायरीवर मक्याची कणसं सोलत होती. तिचे हात थांबले. "हा दौऱ्यावरचा आवाज," एवढंच म्हणाली.

रविवारी गाडीत बसताना तिने विचारलं, "ओंडका घेतलास का?"

"कसला ओंडका, ताई?"

"क्लियोथाने गाडी थांबवली, की मी उतरून चाकामागे लावायचे."

"ही कार आहे, तुमची ती चाकांवरची धर्मशाळा नाही. आणि त्याचा मेकॅनिक बरा नसेल."

"तुझा बापच होता."

होझियाने गाडी काढली.

आमचं चर्च सपाटी संपते तिथल्या लाल मातीच्या चढावर आहे. खिडकीतून ऐकू यावं म्हणून होझियाने गाडी ऐन चढावर, भिंतीला तोंड करून लावली. उशिरा आलेल्या दोन कुटुंबांनी मागे आपल्या गाड्या खेटवल्या आणि ती मंडळी आत पळाली. होझियाने दांडी 'पी'वर टाकली, पाय उचलला, आणि इम्पाला सावकाश मागे निघाली. त्याने ब्रेक दाबला. पुन्हा सोडून पाहिला, पुन्हा तेच. मग त्याच्या ध्यानात आलं. दांडीपाशी 'पी' लिहिलेलं होतं ते इम्पालाचं. मोटरहोमच्या गिअरबॉक्सला गाडी धरून ठेवायची सोयच नव्हती. ते काम तो झिजलेला डबा करत होता.

त्याने ताईंना एखादा दगड बघायला सांगितलं.

"या मातीत दगड? नांगराला कधी लागला नाही, तुला कुठून मिळणार?"

"मग मागच्या खोलीत भट्टीची लाकडं आहेत, त्यातलं एक आणा. माझा पाय ब्रेकवर अडकलाय."

मागच्या खोलीची वाट सभागृहातूनच. लुव्हेनिया दारापाशी क्षणभर थांबली आणि आत शिरली. नेमका तेव्हाच पाळकांचा सूर चढायला लागला होता. सूर चढल्यावर आमच्याकडे कुणी चालत नाही. दारावरच्या बाईने पांढरा हातमोजा वर केला आणि शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं. लुव्हेनिया बसली.

होझिया बाहेर ब्रेक दाबून ऐकत होता. पाळक एक ओळ टाकत, मंडळी ती उचलत. मधल्या एका ओळीला एकच आवाज सगळ्यांच्या आधी आला, "हो, प्रभू!" तो लुव्हेनियाचा होता. होझियाने दुसरा पायही ब्रेकवर ठेवला.

सगळं आटोपल्यावर ती ओंडका घेऊन आली आणि वाकून चाकामागे लावला. म्हणाली, "क्लियोथाला एवढं ताटकळत कधी ठेवलं नव्हतं."

"मग मला का?"

"सूर चढला होता रे. मधूनच कसं उठायचं?"

होझियाला दोघांनी धरून उतरवलं. पाय बधिर झाले होते.

तर आज रात्री प्रार्थनेला गुडघे टेकाल, तेव्हा होझिया पेटवेची आठवण ठेवा. बरेल पाळकांच्या शेवटच्या प्रवचनाला आम्ही सगळे उभे राहून डोललो. तेवढा एक जागचा हलला नाही.